जेआरडी आणि आपल्या डोक्यावरची विमानं

स्मरणिकेसाठी लेख हवा, विषय कोणताही चालेल, पण 'शाळेचे ते दिवस' नको, तसले सतरा आधीच आले आहेत, असा दम संपादक मंडळाकडून मिळाला. म्हणून मी अशा एका माणसाबद्दल लिहिते आहे जो आपल्या शाळेत कधीच आला नाही, पण ज्याच्यामुळे आपले बरेच तास बुडाले. निदान थोडे थोडे बुडाले. आठवतंय ना? भूगोलाच्या बाई वाक्याच्या मधेच थांबायच्या, खडू फळ्याला टेकवून उभ्या राहायच्या, आणि विमान डोक्यावरून जुहूकडे निघून गेलं की जिथे सोडलं होतं त्याच्या पुढच्या शब्दापासून सुरू करायच्या. तेवढ्या वेळात मागच्या बाकांवर पैजा लागायच्या, हे सेव्हन-फोर-सेव्हन की एअरबस. मी त्या पैजा नेहमी जिंकायचे, कारण माझे बाबा एअर इंडियाच्या इंजिन दुरुस्तीच्या शॉपमध्ये होते आणि आमच्या घरी जेवताना इंजिनांबद्दलच बोलणं चालायचं.

आपल्या वर्गात अशी आणखी चार-पाच मुलं होती. आमच्या घरांत 'साहेब' म्हणजे एकच, जेआरडी. बाबांच्या कपाटात एक खास खण होता. त्यात महाराजाचं चित्र असलेले पत्ते, एक किल्ल्यांचा छल्ला, दोन जड चमचे आणि एक जुनं वेळापत्रक. वाढदिवसाला ते सगळं बाहेर काढून आम्हाला दाखवलं जायचं आणि मोजून परत आत जायचं. विमानप्रवासाचा सोनेरी काळ असं जे आजकाल म्हणतात, त्याची माझी ओळख इतकीच. त्या काळातल्या विमानात मी बसलेली नाही. तुमच्यापैकीही बहुतेक कुणी बसलेलं नसणार. तरीही आपल्याला त्या काळाची हुरहूर लागते. ती नक्की कशाची, हे शोधायला मी जेआरडींचं आयुष्य पुन्हा वाचून काढलं.

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील आर. डी. टाटा हे जमशेटजींचे नातलग आणि धंद्यातले भागीदार, आई सुझान ब्रिएर फ्रेंच. पाच भावंडांतले हे दुसरे. घरची भाषा फ्रेंच, बालपण पॅरिस, मुंबई आणि काही काळ जपान असं विखुरलेलं. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्दलो नावाच्या गावी जाऊन राहायचं. तिथे त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरियो, १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारे. ब्लेरियोंचा वैमानिक पेगू त्या वाळूवर विमान उतरवायचा आणि पोरं धावत जाऊन विमानाला वेढा घालायची. जुहूच्या वाळूत आपण उंटामागे धावायचो तसंच काहीसं. पंधराव्या वर्षी त्याच किनाऱ्यावर पैसे देऊन एक छोटी चक्कर मारायला मिळाली आणि मुलाने मनात ठरवून टाकलं की आपण वैमानिक व्हायचं.

पण पुढची वर्षं वाईट गेली. १९२३ साली आई क्षयाने गेली. फ्रेंच नागरिक असल्यामुळे वर्षभर सैन्यात सक्तीची नोकरी करावी लागली, घोडदळात. तिथे आणखी काही महिने राहावं असा त्यांचा विचार होता, पण वडिलांनी नकार दिला. ती तुकडी नंतर मोरोक्कोच्या लढाईत जवळजवळ पूर्ण कापली गेली. केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकायचं होतं, तेही राहिलं, कारण वडिलांनी मुंबईला बोलावून घेतलं. १९२५च्या अखेरीस ते टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले आणि दुसऱ्याच वर्षी वडील गेले. बावीस वर्षांच्या मुलावर चार भावंडं आणि वडिलांची देणी आली. विद्यापीठाची पदवी मिळाली नाही याची खंत त्यांना पुढे आयुष्यभर होती. आपल्यातल्या ज्यांना आईवडिलांनी ढकलत ढकलत इंजिनिअरिंगला घातलं, त्यांनी ही ओळ जरा सावकाश वाचावी. (मीही त्यातलीच.)

१९२९ साली त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं. तोवर मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला होता आणि जुहूला उड्डाण शिकवायला लागले होते. जेआरडी तिथे गेले आणि शिक्षकाबरोबर चार तासही पुरते व्हायच्या आत एकट्याने विमान उडवलं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १. भारतात दिला गेलेला पहिला. आयुष्यात इतकी पदं आणि मानसन्मान मिळाले, पण सगळ्यांत लाडका होता तो हाच निळा कागद, असं त्यांच्याबद्दल सगळेच सांगतात.

पुढच्या वर्षीची आगाखान स्पर्धेची गोष्ट आपल्या मराठीच्या पुस्तकात असायला हवी होती. भारत ते इंग्लंड किंवा उलट, महिन्याभराच्या आत एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचं बक्षीस होतं. जेआरडी कराचीहून निघाले. ॲस्पी इंजिनिअर नावाचा एक कोवळा पोरगा इंग्लंडहून उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये अबूकीरला उतरल्यावर जेआरडींना तो तिथे अडकून पडलेला दिसला. त्याला विमानाचे स्पार्क प्लग हवे होते आणि ते मिळत नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले आणि दोघं आपापल्या वाटेने उडाले. थोड्याच तासांच्या फरकाने ॲस्पी जिंकला. त्या पोराला पुढे हवाई दलात घेतलं गेलं आणि १९६० साली तो देशाचा हवाई दल प्रमुख झाला. ही गोष्ट मला बाबांनी तिसरी-चौथीत असताना सांगितली होती आणि मी विचारलं होतं, मग साहेब हरले ना? बाबा म्हणाले होते, हो, हरले. पुढे काही समजावलं नव्हतं.

मग येतं १९३२. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेले वैमानिक एक कल्पना घेऊन आले होते. इम्पीरियल एअरवेजचं लंडनहून येणारं टपाल कराचीपर्यंत पोचायचं, पुढे ते रेल्वेने रखडायचं. ते कराचीहून अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी, मद्रास असं विमानाने न्यायचं. सरकार एक पैसा अनुदान देणार नव्हतं. दोराबजी टाटांचं मन वळवून दोन लाखांचं भांडवल मिळालं. विमानं दोन, पस मॉथ जातीची, एका इंजिनाची. वैमानिक तीन, त्यांत जेआरडी आणि व्हिन्सेंट हे स्वतः. जुहूला झापांचं छप्पर असलेली एक शेड. रेडिओ नाही, खालून दिशा सांगणारं कुणी नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. बरोबर ५५ पौंड टपाल, म्हणजे साधारण पंचवीस किलो. आज आपल्याला विमानात एवढंच सामान नेता येतं आणि त्यावरूनही काउंटरवर आपण हुज्जत घालतो. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतलं पेट्रोल विमानात भरलं. दुपारी दोनला दहा मिनिटं कमी असताना ते जुहूला उतरले. तिथून टपाल घेऊन व्हिन्सेंट मद्रासच्या दिशेने उडाले. आपल्या शाळेपासून चालत अर्ध्यापाऊण तासाच्या अंतरावर भारतातली पहिली नियमित विमानसेवा अशी सुरू झाली.

पावसाळ्यात जुहूची ती जमीन चिखलाने भरून जायची, मग सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवलं जायचं. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या दोन-तीन खेळण्यांएवढ्या विमानांनी एक लाख साठ हजार मैलांचा प्रवास केला, साडेदहा टनांच्या वर टपाल पोचवलं, शिवाय टपालाच्या थैल्यांच्या शेजारी १५५ प्रवासी नेले. नफा साठ हजार रुपये. वक्तशीरपणा मात्र शंभर टक्के. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे शंभर टक्के म्हटलं की आम्ही आधी मोजायची पद्धत तपासतो. पण इथे ते आकडे सरकारी विमान खात्याच्या अहवालातले होते, आणि ते खातं काही टाटांचं मिंधं नव्हतं.

१९३८ साली, चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. पोलाद, रसायनं, मोटारी, टाटा मेमोरियल रुग्णालय, होमी भाभांबरोबर उभी केलेली टीआयएफआर, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे आणि त्यावर पुस्तकं आहेत. एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, निदान आपल्या वर्गातल्या मुलींसाठी. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. बंगळूरच्या एका विद्यार्थिनीने थेट जेआरडींना एक पोस्टकार्ड टाकून जाब विचारला. ती होती सुधा कुलकर्णी, नंतरच्या सुधा मूर्ती. तिला मुलाखतीला बोलावलं गेलं, पुण्यात नोकरी मिळाली आणि कंपनीचा तो नियमच गेला. त्यानंतर पंचवीस वर्षांनी आम्ही इंजिनिअर होऊन मुलाखतींना जात होतो, तेव्हा आम्हाला तसली जाहिरात कुठे दिसली नाही.

पण त्यांचा जीव होता तो विमानात. युद्धात व्हिन्सेंट गेले, १९४२ साली त्यांचं विमान पाडलं गेलं. जेआरडींचा सर्वांत धाकटा भाऊ जिमीही विमान अपघातातच गेलेला होता. तरी युद्ध संपल्याबरोबर हा माणूस पुन्हा विमानांच्या मागे. १९४६ साली टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. त्याच वर्षी बॉबी कूका यांच्या डोक्यातून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून तो मिशीवाला, कमरेत वाकलेला महाराजा जन्माला आला. बाबांच्या पत्त्यांवर होता तोच. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. प्रवासी पस्तीस. त्यांत नवानगरचे जामसाहेब होते, लंडन ऑलिंपिकला निघालेले दोन सायकलपटू होते आणि जेआरडी स्वतः होते. देश स्वतंत्र होऊन वर्षही झालेलं नव्हतं. याच जातीच्या पुढच्या विमानांपैकी एकाचं नाव होतं मराठा प्रिन्सेस. बाबांनी ते पाहिलेलं नाही, पण सांगताना छाती फुगवतात.

इथून पुढची तीस वर्षं म्हणजे तो सोनेरी काळ. त्याची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतीलच. पाय पसरता येतील अशा खुर्च्या, चिनी मातीच्या बशा, जरीकाठाच्या साडीतली हवाईसुंदरी, जम्बोच्या वरच्या मजल्यावर जाणारा गोल जिना. १९६७ साली एअर इंडियाने साल्वादोर दालीकडून राखपात्राचं डिझाइन करून घेतलं. मोबदला म्हणून त्याने हत्तीचं पिल्लू मागितलं आणि यांनी ते खरंच स्पेनला पोचवलं! (बाबांच्या खणात ते राखपात्र नाही. इंजिन शॉपपर्यंत ते कुठलं पोचायला.) गायतोंडे, हुसेन, बी. प्रभा यांची चित्रं कंपनीने ते फार महाग व्हायच्या आधी घेतली, आणि ती जगभरच्या तिकीट कचेऱ्यांच्या भिंतींवर लागली. ११ जून १९६२ रोजी एअर इंडिया ही जगातली पहिली सगळी जेट विमानं असलेली कंपनी झाली. परदेशी प्रवासी आपल्या देशाची विमानं सोडून हिच्यात बसायचे.

आता माझ्यातली इंजिनिअर जरा मधे बोलते. या थाटामागे एक साधं कारणही होतं. त्या काळी विमान कंपन्यांना तिकिटाचा दर मनासारखा ठेवता येत नसे. आयाटा या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत दर ठरायचे आणि सरकारं त्यावर शिक्का मारायची. स्वस्त विकायला बंदी म्हटल्यावर स्पर्धा करायची कशात? जेवणात, पेयात, खुर्चीत, हसण्यात. १९५८ साली तर इकॉनॉमी वर्गात द्यायचं सँडविच नेमकं किती साधं असलं म्हणजे सँडविच, यावर या संघटनेत मोठं भांडण झालं. जेआरडी त्याच सुमारास तिचे अध्यक्ष होते. म्हणजे आपण ज्याची हळहळ करतो ते बरंचसं बांधलेल्या दरांचं फळ होतं, आणि त्याची किंमत इतकी होती की आपल्या आईवडिलांनी ते फक्त सांताक्रूझला कुणाला तरी पोचवायला जाऊन, हार-नारळ हातात धरून, गॅलरीतून पाहिलं. माझे बाबा वर्षानुवर्षं ज्या इंजिनांवर काम करत होते, त्यांच्या विमानात ते पहिल्यांदा बसले वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तेही नोकरीतल्या सवलतीच्या तिकिटावर.

आणि तो काळ सुरक्षितही नव्हता. ती पहिली मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समध्ये माँ ब्लाँ पर्वतावर आदळली, ४८ माणसं गेली. जानेवारी १९६६ मध्ये त्याच पर्वतावर कांचनजंगा हे बोइंग कोसळलं, ११७ जण गेले. त्यांत होमी भाभा होते, जेआरडींचे स्नेही. जुन्या फोटोंत ही पानं कुणी लावत नाही.

मग उरतं काय? मला वाटतं, जे खरंच सोन्याचं होतं ते फोटोत येत नाही. जेआरडी विमानातून उतरले की टिपणं लिहीत. जिनिव्हाहून चढवलेला चहा इतका काळा आहे की रंगावरून कॉफीपासून ओळखू येत नाही, तेव्हा चहाच तसा आहे की जास्त उकळतात ते तिथल्या व्यवस्थापकाला विचारावं, असं एक टिपण आहे. कुठल्या खुर्चीची पाठ किती कलते, यावर दुसरं. कचेरीतल्या काउंटरवर धूळ दिसली तर फडकं मागून स्वतः पुसायचे. एकदा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राहिलेले एल. के. झा त्यांच्या शेजारी बसून प्रवास करत होते. जेआरडी बराच वेळ उठून गेले. झांना वाटलं, वैमानिकाशी गप्पा मारायला गेले असतील. ते गेले होते स्वच्छतागृहं तपासायला, कागदाची गुंडाळी नीट लावली आहे ना ते पाहायला. टाटा समूहाचा अध्यक्ष!

ही टिपणं वाचताना एक गोष्ट सारखी लक्षात ठेवावी लागते. यातली बहुतेक अशा काळातली आहेत, जेव्हा ती कंपनी त्यांची नव्हती. १९५३ साली सरकारने सगळ्या विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींचा त्याला कडाडून विरोध होता. आपल्याशी धड चर्चाही न करता निर्णय झाला, हे त्यांना फार लागलं. नेहरूंशी त्यांची जुनी मैत्री असूनही, किंवा असल्यामुळेच. आणि मग त्याच सरकारने विचारलं, अध्यक्ष म्हणून राहाल का? ते राहिले. पगार न घेता. पंचवीस वर्षं.

मी या ठिकाणी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. दोन वर्षांपूर्वी माझ्या कंपनीत फेररचना झाली आणि मी नऊ वर्षं ज्या प्रणालीवर काम करत होते ती दुसऱ्या टीमकडे गेली. मला सल्लागार म्हणून ठेवलं. पहिले दोन महिने मी रोज सकाळी सवयीने त्या प्रणालीचे लॉग उघडून पाहायचे, कुठे काही अडकलं आहे का ते. मग एक दिवस मनात आलं, आता हे कुणाचं आहे, आणि मी पाहणं सोडून दिलं. पुढे एक चूक दिसली होती मला, छोटीशीच. मी कळवली नाही. कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे काही कोसळलं नाही, महिन्याभराने त्यांनीच ती शोधली. पण स्वतःची झालेली कंपनी दुसऱ्याकडे गेल्यावर तिच्यातला चहा किती काळा आहे हे पाहणारा माणूस मला तेव्हापासून सोपा वाटत नाही.

जेआरडींना देव करायचं मात्र काही कारण नाही. आणीबाणीबद्दल त्यांनी परदेशी वर्तमानपत्राशी बोलताना जी अनुकूलता दाखवली, ती मला आजही खटकते. तेव्हा तुरुंगात असलेल्यांपैकी काहींची मुलं आपल्या शाळेत शिकली आहेत. शिस्तीची ओढ असलेल्या माणसांना शिस्त कुठून येते आहे हे नेहमी दिसतंच असं नाही.

१ जानेवारी १९७८ची रात्र. सम्राट अशोक हे एअर इंडियाचं पहिलं जम्बो सांताक्रूझहून दुबईला निघालं. आपल्या शाळेच्या बाजूनेच वर चढलं असणार. काही क्षणांत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडलं. २१३ माणसं, एकही वाचला नाही. वैमानिकासमोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडलं आणि अंधाऱ्या समुद्रावर त्याला वरखाली कळेनासं झालं, असं चौकशीत निघालं. आपला जन्म अजून व्हायचा होता. आई सांगते, बाबा दोन दिवस घरी आले नाहीत आणि आल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. इंजिनांचा दोष नव्हता हे कळायला वेळ लागला. तोवर त्या शॉपमधल्या प्रत्येकाने आपण त्या विमानाच्या कुठल्या कामावर सही केली होती ते मनात शंभरदा तपासलं असणार.

त्यानंतर महिन्याभरातच मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं. त्यांच्या जागी निवृत्त हवाई दल प्रमुख पी. सी. लाल आले. काढल्याची बातमी जेआरडींना कळली ती लाल यांच्याकडून. सरकारचं पत्र नंतर आलं. सेहेचाळीस वर्षांपूर्वी स्वतः टपाल घेऊन उडालेल्या माणसाला टपालही वेळेवर आलं नाही. इंदिरा गांधी तेव्हा सत्तेत नव्हत्या, त्यांनी हळहळीचं पत्र लिहिलं, आणि १९८० साली पुन्हा निवडून आल्यावर त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं. अध्यक्ष म्हणून नव्हे, साधे सदस्य म्हणून. जेआरडी तरीही गेले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली. जेआरडी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी तेव्हाच्याच जमान्यातलं लेपर्ड मॉथ जातीचं विमान दुरुस्त करून घेतलं आणि कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला स्वतः चालवत आणलं. तिसाव्या वर्धापनदिनालाही त्यांनी ही फेरी केली होती. या खेपेला जुहूला मोठी गर्दी होती. त्या गर्दीत मी होते. तीन वर्षांची, बाबांच्या खांद्यावर. विमान दिसल्यावर मी टाळ्या वाजवल्या, असं बाबा म्हणतात. आई म्हणते, मी भूक लागली म्हणून रडत होते. मला स्वतःला यातलं अक्षरही आठवत नाही, आणि माझ्या आयुष्यात न आठवण्याचं एवढं वाईट दुसऱ्या कशाचं वाटलेलं नाही.

१९९२ साली त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात ते गेले. पॅरिसला पेर लाशेझच्या दफनभूमीत त्यांना ठेवलं. आपण तेव्हा नववीत होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिका बाईंनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं होतं. कुणाकुणाला आठवतं, सांगा. मला एवढंच आठवतं की बाबा त्या दिवशी कामावर इस्त्रीचा शर्ट घालून गेले, आणि इंजिन शॉपमध्ये कुणी इस्त्रीचा शर्ट घालत नाही.

२७ जानेवारी २०२२ला एअर इंडिया टाटांकडे परत गेली. बाबा टीव्हीसमोर होते. मला वाटलं होतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी बातमी पूर्ण पाहिली आणि विचारलं, आता चहा कसा देतात, तू बसतेस ना त्यांच्या विमानात? मी म्हटलं, कागदी कपात, पुडी वेगळी, पाणी वेगळं. बरं, म्हणाले.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सात वाजता, मी बाबांना घेऊन जुहू विमानतळाच्या भिंतीपर्यंत जाणार आहे. आत सोडत नाहीत, आता तिथून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात. पण रस्त्यावरून धावपट्टीचा थोडा भाग दिसतो. ज्यांना यायचं असेल त्यांनी शाळेच्या फाटकाशी साडेसहाला भेटावं. भूगोलाच्या बाई येणार आहेत, त्यांना गाडीतून न्यायचं ठरलं आहे. बाबा पत्ते आणि वेळापत्रक बरोबर आणतील. हात लावायच्या आधी विचारा.